इस्माईल, तो शब्द तुझाच होता

इस्माईल,

तुझ्या कबरीवर मी अजून आलेलो नाही. कबरस्तानाच्या गडग्यापर्यंत दोनदा आलो आणि माघारी फिरलो. तिथे तुझे लोक असतात. त्यांच्यादेखत तुझ्याशी बोलायला मला तोंड नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. तुला जाऊन तीन महिने झाले. या तीन महिन्यांत गावात तुझ्याबद्दल जे जे बोललं गेलं ते मी ऐकलं, आणि त्यातलं निम्मं माझ्या गप्प बसण्यामुळे बोललं गेलं.

दिघीच्या शाळेत आपण एका तरटावर बसलो. तिसरीनंतर तू मामाबरोबर मुंबईला गेलास आणि तिथून बोटीवर. मी त्याच शाळेत मास्तर झालो. तीस-बत्तीस वर्षं तुझं-माझं असं चाललं, की तू चार-पाच वर्षांनी उगवायचास, महिनाभर राहायचास, सगळ्यांना काही ना काही वाटायचास आणि पुन्हा नाहीसा व्हायचास. शेवटी गुडघा कामातून गेला तेव्हा कायमचा आलास. त्याच सुमारास दिघी ते आगरदांडा अशी इंजिनाची लाँच सुरू झाली होती. शिडाच्या होडीला वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे, लाँच वीस मिनिटांत खाडीपार. मालक सुकाणी शोधत होता. पिनांग आणि बार्सिलोनाची बंदरं पाहिलेला माणूस दोन मैलांच्या खाडीवर सुकाणू धरतो, याची लोक थट्टा करत. तू रागवायचा नाहीस. म्हणायचास, "मास्तर, दर्यात बुडनारे थोडे. खाडीत बुडनारे जास्ती. खाडीला मानूस भीत न्हाय ना, म्हनून."

दुपारच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात तू शाळेच्या ओसरीवर येऊन बसायचास. माझ्याकडे तेव्हा ती वही होती. पुण्याचे एक वयोवृद्ध गृहस्थ मराठीचा कोश करत होते आणि गावोगावच्या शिक्षकांकडून शब्द मागवत होते. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली मूळ. आमच्या किनाऱ्यावरचे होड्यांचे, माशांचे, वाऱ्यांचे शब्द मी पाठवत होतो. त्या कामाला काही मोबदला नव्हता, पण पुण्याहून एक कार्ड आलं की मला आठवडाभर अंगात बळ आल्यासारखं वाटायचं. हे तुला ठाऊक होतं. तू त्यावरून मला चिडवायचास आणि तरीही रोज एक शब्द आणून द्यायचास.

"साबन लिव," तू एकदा म्हणालास. "पिनांगात साबुन, बार्सिलोनात साबो. मानूस कुठं बी जावो, अंग धुवायला शब्द तोच."

आणि लिंबू. मलायी माणूस लिमाव म्हणतो, बार्सिलोनाचा ल्यिमोना. मी म्हटलं, ही सगळी संस्कृताची लेकरं असतील. तू हसून म्हणालास, "तुमच्या संस्कृताला लेकरं लई झाली. एखादं दुसऱ्याचं बी असंल की."

तुझी शाळा तिसरीपर्यंत आणि माझी ट्रेनिंग कॉलेजपर्यंत, पण तुझा कान मला कधीच आला नाही. ऐकलेला शब्द तू तीस वर्षांनी जसाच्या तसा काढून दाखवायचास, बोलणाऱ्याच्या खोकल्यासकट.

आपलं भांडण झालं ते 'लाँच'वरून. मी चिठ्ठी लिहून टाकली होती. शब्द इंग्रजी, मूळ अर्थ ढकलणे, फेकणे. इंग्रज नवी बोट पाण्यात ढकलतो त्याला हाच शब्द वापरतो आणि त्याचं मूळ भाल्याशी जाऊन भिडतं, असं माझ्याजवळच्या इंग्रजी कोशात होतं. मी ते तुला वाचून दाखवलं. तू मान हलवलीस.

"न्हाय. ढकलायचा शब्द वेगळा, होडीचा वेगळा."

"कोशात आहे इस्माईल."

"कोश लिवनारा बोटीवर व्हता काय?"

मग तू सांगितलंस. पिनांगच्या बंदरात दोन वर्षं तू एका म्हाताऱ्या मलायी नावाड्याच्या हाताखाली होतास. पाण्यावरून न अडखळता जाणाऱ्या होडीला तो लान्चार म्हणायचा. लान्चार म्हणजे चपळ, सुळकन जाणारं. त्याचा नातू मदरशात न अडखळता वाचायला लागला, तेव्हाही म्हातारा खुशीत येऊन लान्चार, लान्चार म्हणाला होता. त्याच्या आजाच्या काळी तसल्या होड्यांचं नावच त्यावरून पडलेलं होतं. तिथून पोर्तुगीज घेऊन गेला. बार्सिलोनाला तुझा पाय मोडला आणि जहाज तुला मागे ठेवून गेलं, तेव्हा बंदरावरच्या झाउमा नावाच्या नावाड्याने तुला तीन महिने घरी ठेवून घेतलं होतं. त्याची भाषा स्पॅनिश नव्हती, कातालान होती, आणि तिला कुणी स्पॅनिश म्हटलं की तो जेवण टाकून उठायचा. तो आपल्या होडीला ल्यान्शा म्हणायचा.

"आनि ऐक," तू बोट वर करून म्हणालास, "जाळं फेकायचं झालं का तो म्हनायचा ल्यन्सा. एकात श, दुसऱ्यात स. दोन शब्द एका आईचे असते, तर एकाच घरात त्यांचं तोंड असं वेगळं कसं झालं?"

इस्माईल, हा पुरावा होता. साधा, कानाने तोललेला, बिनतोड पुरावा. कुणा पंडिताने तो मांडला असता तर मी वहीत उतरवून घेतला असता. मी मात्र तुला म्हणालो, "तुझ्या ऐकीव गोष्टींवर कोश होत नाही," आणि चिठ्ठी पुण्याला धाडून दिली.

तू आठ दिवस ओसरीवर आला नाहीस. नवव्या दिवशी आलास. वहाणा काढून नेहमीच्या जागी बसलास आणि मला एका माशाचं नाव सांगितलंस. मी माफी मागितली नाही. आपल्यात माफी मागायची पद्धत नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी कोर्लईला गेलो, हे तुला मागाहून सांगितलं. तिथले ख्रिस्ती लोक घरात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तिथल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे कडा कुरतडलेलं, बारीक अक्षरांचं एक जुनं पोर्तुगीज पुस्तक होतं. त्यांनी भिंग लावून शोधलं आणि मला अर्थ सांगितला. लांचारा, म्हणजे मलाक्याच्या लोकांची हलकी, चपळ नाव. आणि तिच्याच खाली लांशा. पुस्तक इंग्रज या किनाऱ्यावर जम बसवण्याआधीचं होतं. मी तिथून मुरुडच्या रस्त्यापर्यंत जवळजवळ धावत आलो. घरी येऊन आधी तुझ्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "तू म्हणालास तेच खरं."

तू कोंबड्यांना दाणे टाकत होतास. मागे न बघता म्हणालास, "मना ठाऊक व्हतं. तुला ठाऊक व्हायचं राह्यलं व्हतं."

पण तू खुश झाला होतास. हलिमाभाभी आतून म्हणाल्या, "मास्तर, आज ह्ये रोजच्यापरीस दुप्पट जेवनार."

मी पुण्याला सविस्तर पत्र लिहिलं. त्या गृहस्थांचं उत्तर आलं की गणपतीच्या दिवसांत ते मुरुडला एका स्नेह्यांकडे येत आहेत, तेव्हा ज्याने हे सांगितलं त्या माणसाला घेऊन या, मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. ते पत्र मी तुला तीनदा वाचून दाखवलं. त्याच्या तोंडून. तू ते दोन शब्द स्वतःशी म्हणून पाहिलेस.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं.

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. पौर्णिमेचं उधाण. गणपतीसाठी आलेले चाकरमाने मुंबईला परत निघाले होते आणि मुरुडहून संध्याकाळची आगबोट सुटणार होती. पुण्याचे गृहस्थ त्याच आगबोटीने जाणार होते. आपण दुपारी भरतीच्या पाण्यावर पलीकडे जायचं, तू लाँच इंजिनवाल्याच्या आणि तुझ्या मुलाच्या, याकूबच्या हवाली करायचीस आणि आपण दोघांनी टांग्याने मुरुड गाठायचं, असं ठरलं होतं. बोटीवरचा जुना पांढरा कोट तू इस्त्री करून घातला होतास. एका खांद्याला पिवळा डाग पडला होता, तो दिसू नये म्हणून त्यावर उपरणं टाकलं होतंस.

पण सकाळी आगरदांड्याला इंजिन बिघडलं. दुरुस्त होऊन लाँच दिघीच्या धक्क्याला लागली तेव्हा तीन वाजून गेले होते. भरती केव्हाच उलटली होती. याकूब इंजिनासाठी लागणारा काही भाग आणायला पलीकडेच थांबला होता. धक्क्यावर माणसं, पेट्या, बोचकी, नारळांची पोती. तू धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलास, खाडीच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलंस आणि परत येऊन पायरीवर बसलास.

"पानी बाहेर वढतंय, वारा आत येतोय," तू म्हणालास. "मधी लाट उभी र्‍हायली हाय. दोन तास थांबायचं. पानी थांबलं का सोडतो."

लोक भडकले. दोन तासांनी आगबोट कशी मिळणार? कुणाची सुट्टी संपली होती, कुणाला दुसऱ्या दिवशी गिरणीत हजर व्हायचं होतं. एकजण ओरडला, "आगबोट तुझ्या बापाची आहे का, थांबायला?" तू बिडी पेटवलीस. तुझ्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी तुला पाण्यापुढे कुणाचं ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. एकदा मामलेदार लाँचमध्ये बसून राहिले होते आणि तू त्यांना हात जोडून उतरवलं होतंस. त्या दिवशीही तू हलला नसतास. सगळा गाव ओरडला असता तरी हलला नसतास.

मी ओरडलो नाही. मी तुझ्याजवळ आलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "लान्चार म्हणजे चपळ, असं तूच शिकवलंस ना? का तो चपळपणा पिनांगातच ठेवून आलास?"

लोक हसले. अर्थ कुणाला कळला नव्हता, सूर कळला होता.

तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर कसली होती हे मी तीन महिने शोधतो आहे. राग नव्हता. कदाचित तुलाही जायचंच होतं. तो कोट, ते उपरणं, त्याच्या तोंडून ऐकायचं आहे हे शब्द, यांनी तुला आधीच अर्धं उठवलं असेल आणि मी फक्त उरलेलं अर्धं. मी असा विचार करतो आणि मला थोडं हलकं वाटतं, आणि मग लगेच कळतं की हलकं वाटावं म्हणूनच मी असा विचार करतो.

तू बिडी विझवलीस. म्हणालास, "बसा सगळी. पन खालती बसायचं. लाट आली तरी कोनी उठायचं न्हाय." आणि सुकाणूवर गेलास.

खाडीच्या मध्यावर पहिली लाट पुढून नाळेवर चढली आणि आत आली. तू लाँच तिच्या तोंडावर धरून ठेवली होतीस, अगदी नेटाने. दुसरी लाटही तू काढलीस. पण पाणी पायांशी आलं तशी माणसं उठली. तू ओरडत होतास, बसा, बसा, आणि सगळी एका अंगाला धावली. इंजिनात पाणी गेलं. आवाज थांबला, तेवढं मला स्पष्ट आठवतं, तो आवाज थांबणं. लाँच लाटेला आडवी झाली आणि उलटली.

मला पोहता येत नाही. एवढी वर्षं किनाऱ्यावर राहून येत नाही, म्हणून तू लहानपणापासून मला हसायचास. पाण्याखाली कुणीतरी माझी कॉलर धरली. वर आलो तेव्हा तू होतास. तू मला ओढत उलट्या लाँचपाशी आणलंस, माझा हात तिच्या कण्यावर ठेवलास आणि वरून तुझा हात दाबलास.

"हात सोडू नको," म्हणालास.

वाडीतल्या गोदामावशी थोड्या अंतरावर बुडत होत्या. मुलीकडे मुंबईला निघालेल्या, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचं हिरवं लुगडं पाण्यावर फुगलेलं दिसत होतं. तू तिकडे वळलास, तो गुडघा घेऊन. तू त्यांच्यापर्यंत पोचलास, हे मी पाहिलं. त्यानंतर लाट आली, आणि ती ओसरल्यावर पाण्यावर काही नव्हतं.

दिघीच्या कोळ्यांनी होड्या घातल्या. बाकीचे सगळे वाचले. गोदामावशी त्याच दिवशी मिळाल्या. तू दोन दिवसांनी, दिवेआगरच्या वाळूत. कोट अंगावर होता.

चौकशीला एक अधिकारी आले. माझ्याच शाळेत, माझ्याच खुर्चीवर बसून त्यांनी जबाब घेतले. ज्यांनी आगबोटीसाठी आरडाओरडा केला होता, ते एकेक येऊन सांगून गेले की आम्ही काही बोललो नाही, सुकाण्याने आपण होऊन लाँच सोडली. इंजिनवाला म्हणाला, "तो बसला व्हता. मास्तर कायतरी बोलले आनि उठला."

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "काय बोललात तुम्ही?"

खिडकीबाहेर गोदामावशींचे दोन मुलगे उभे होते. मी म्हणालो, "विशेष काही नाही. निघालो तर बरं, असं सगळेच म्हणत होते."

त्यांनी लिहून घेतलं. हवा खराब असल्याचं ठाऊक असूनही सुकाण्याने घाईने लाँच सोडली. मी खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

त्या एका ओळीने काय काय केलं, ऐक. गोदामावशींचे मुलगे तुझ्या घरावरून जाताना थुंकू लागले. तुझ्या घरी माणसांचं येणं कमी झालं. याकूब तुझ्या हाताखाली तयार झालेला, सहा वर्षांचा अनुभव असलेला. नवी लाँच आली तेव्हा मालकाने त्याला सांगितलं की लोक म्हणतात, त्या घरातला माणूस सुकाणूवर नको. याकूबने वाद घातला नाही. तो धक्क्यावर पोती उचलायला लागला. शाळेच्या ओसरीवरून तो मला दिसायचा, रोज. मीही त्याला दिसत असेन.

शेवटी मी तुझ्या घरी गेलो. हलिमाभाभी नवरा गेल्यानंतरच्या इद्दतीत होत्या, परपुरुषासमोर येत नव्हत्या. मी पडवीत बसलो, त्या दाराआड. मी सगळं सांगितलं, जे बोललो ते शब्दाला शब्द, आणि जबाबात काय दडवलं तेही.

मग त्या म्हणाल्या, "पान्यावर त्यांनी माझं बी कधी ऐकलं न्हाय. याकूबचं न्हाय. बापाचं न्हाय. तुमचंच ऐकलं."

मी उठून वहाणा शोधू लागलो.

"ह्ये मना का सांगताव? जिथं खोटं बोलला तिथं जाऊन सांगा."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी कोळ्यांच्या होडीतून खाडी ओलांडली. डोळे मिटून बसलो होतो. पलीकडे उतरताना वल्हवणाऱ्या म्हाताऱ्याने मला हात दिला, तेव्हा मला रडू आलं. मुरुडला अधिकारी भेटले. आधी वैतागले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे पहिला जबाब खोटा होता?"

"होय."

"तुम्ही त्याला हुकूम दिलात?"

"नाही."

"मग तुमच्या एका टोमण्याने एवढा जुना खलाशी उठला कसा?"

"आमची मैत्री होती," मी म्हणालो.

त्यांनी लेखणी थांबवली. मग लिहिलं की शिक्षकाने लोकांसमक्ष डिवचल्यामुळे व प्रवाशांच्या दबावामुळे सुकाण्याने लाँच सोडली, आणि प्रवाशांनी त्याची सूचना पाळली नाही. मला वाचून दाखवलं. मी सही केली. ती नक्कल मी गावच्या चावडीवर वाचली आणि मग गोदामावशींच्या घरी जाऊन वाचली. थोरल्याने मला अंगणातून हाकललं. धाकटा मागाहून तुझ्या घरी गेला आणि याकूबपाशी बसून आला, असं ऐकलं. माझ्याकडून वरिष्ठांनी खुलासा मागवला आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

पुण्याच्या गृहस्थांनाही मी नवी चिठ्ठी पाठवली. लाँच. चपळ होडी. मूळ मलायी, तिथून पोर्तुगीज, कातालान, इंग्रजी, मराठी. खाली लिहिलं, सांगणारा इस्माईल, सुकाणी, दिघी. त्यांचं उत्तर आलं की व्युत्पत्ती विचारार्ह आहे, घेऊ, पण सांगणाऱ्याचं नाव घालण्याची कोशात पद्धत नाही. तुझा एक प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे. एका संध्याकाळी तू विचारलं होतंस, "शब्द कोनाचा, मास्तर? ज्यानं केला त्याचा का ज्याच्या तोंडात हाय त्याचा?" मी म्हटलं होतं, ज्याने केला त्याचा. तू म्हणालास, न्हाय. तेवढ्यात तुझ्या फेरीची वेळ झाली आणि तू उद्या सांगतो म्हणून उठलास. दुसऱ्या दिवशी आपण दुसऱ्याच कशावर तरी बोललो. तू काय सांगणार होतास, मला माहीत नाही. मी तुझी बाजू घेऊन स्वतःशी वाद घालून पाहतो. तुझ्यासारखा जमत नाही.

तुझं नाव धुतलं गेलं, पण याकूब थांबला नाही. मालकाने बोलावणं पाठवलं होतं. तो म्हणाला, या लोकांना मी आता पलीकडे नेनार न्हाय. तुझा चाळिसावा झाला आणि आठवड्याच्या आत तो मुंबईला गेला, बोट शोधायला. तू गेलास त्याच वाटेने. हलिमाभाभींचा एक माणूस मी घेतला आणि दुसरा तुझ्या बाबतीतलं खरं उशिरा सांगितल्यामुळे गेला.

परवा त्यांचा निरोप आला. याकूबचं पत्र आलंय, वाचायला या. मी चकित झालो. टपालमास्तर सगळ्यांची पत्रं वाचून देतात. मी पडवीत बसून तसं म्हटलंही.

दाराआडून त्या म्हणाल्या, "याकूब बी तेच सांगून गेला व्हता, टपालमास्तरकडनं वाचून घे. मी म्हनले, न्हाय. माझा पोर जिता हाय, ह्ये मना तुमच्या तोंडातनं ऐकायचं हाय. दर खेपेला."

त्यांनी दारातून पत्र पुढे सरकवलं. मी वाचलं. बोट मिळाली, मालवाहू आहे. परवा निघते, सिंगापूरकडे. जेवण बरं आहे. अम्मी, पायाला तेल लावत जा. मग सलाम होते, नावं घेऊन. मामूला, दोन्ही चुलत्यांना, शेजारच्या खालाला, होडीवाल्या कोळ्याच्या म्हाताऱ्याला, गोदामावशींच्या धाकट्याला. एकेक नाव मी वाचत गेलो. पत्र कोण वाचणार हे त्याने ताडलं असेल की नाही, कोण जाणे. शेवटचं नाव झालं आणि खाली त्याची सही होती.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"वाचनाराला बी सलाम लिवलाय काय?"

एक ओळ जोडायला मला काही कठीण नव्हतं. त्यांना वाचता येत नाही. आणि त्यांना ती ओळ हवी होती की नको होती, हेही मला कळलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मला काही लिहिलेलं नाही."

दाराआड बांगड्या नसलेला हात पुढे आला आणि पत्र घेऊन गेला. थोड्या वेळाने तोच हात ते पत्र घेऊन परत आला.

"मागं फिरून पहिल्यापासनं वाचा," हलिमाभाभी म्हणाल्या.